आक्काबाईचे पाय आणि मी, काशाची वाटी

मला आधी हातात धरून बघा, मित्रांनो, मग माझी गोष्ट ऐका. जड लागले ना? लागणारच. काशाची वाटी आहे मी. जुनी आहे, बुडाला झिजले आहे, कडेचा एक टवका उडाला आहे, पण अंगाने भरीव आहे. फडताळात त्या स्टीलच्या वाट्या एकीत एक घालून ठेवल्या आहेत ना, त्यांच्यात मला मोजायचे नाही. त्यांनी आमटी वाढावी आणि गप्प बसावे. मी ह्या घराचे तेल सांभाळते.

माझा जन्म भोरच्या एका कासाराच्या भट्टीत झाला. तांबे आणि कथील एकत्र वितळवून त्याने मला ओतले, घासले, घोटून गुळगुळीत केले. मग नखाने टिचकी मारली. मी अशी वाजले, की दुकानात भाव करत बसलेले कामथडीचे एक शेतकरी बोलायचे थांबले. त्यांच्या लेकीचे लग्न ठरले होते. "हीच द्या," ते म्हणाले. ती लेक म्हणजे आमची आक्काबाई. रुखवतात मला चकल्यांच्या शेजारी मांडले होते. चकल्या दुसऱ्या दिवशी संपल्या. मी अजून आहे.

लग्नानंतर आम्ही दोघी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत आलो. एसटी खालीच थांबायची. पुढची चढण पायी. आक्काबाईने मला पदरात गुंडाळून पोटाशी धरले होते, म्हणून सासरचा उंबरा मी तिच्याबरोबरच ओलांडला. तेव्हापासून मी तिला अगंतुगंच करते. बाकीच्यांनी तिला अहोजाहो करावे.

वाडीत म्हशी, शेळ्या, नाचणी आणि पोरे यांची कधी कमी नव्हती. पोर जन्मले की आक्काबाईला बोलावणे यायचे. ती पाटावर बसायची, पाय समोर लांब सोडायची आणि बाळाला नडग्यांवर पालथे घ्यायची. माझ्यातले कोमट तेल तळहातावर घेऊन पाठ, मांड्या, टाळू अशी काही चोळायची, की रडून लाल झालेले पोर जांभया द्यायला लागायचे. मग ऊन पाणी, मसुराचे पीठ, शेवटी ओव्याची धुरी. तिच्या पायांवर न्हालेली पोरे आज मोठी झाली आहेत. टेम्पो चालवतात, भोरच्या ऑफिसांत बसतात, रस्त्यात भेटली की तिच्या पाया पडतात. ती म्हणते, "पाया पडायचं राहू दे. माझ्या लुगड्यावर किती येळा मुतलास, ते आधी सांग."

अशा त्या पायांना एक खोड होती. दिवसभर ते गुमान काम करायचे. दिवेलागण झाली, जेवून आक्काबाई भिंतीला टेकली, की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सुरू व्हायचे. ते दुखणे नव्हते, मुंग्या नव्हत्या, पेटकाही नव्हता. आतून कुणी दोरी ओढते आहे तसे पाय हलवावेसे वाटायचे. उठून अंगणात फेऱ्या मारल्या की बरे वाटायचे. बसली की पुन्हा तेच. नवी नवरी होती तेव्हा तिची सासू चारचौघींत म्हणाली होती, "हिचं पाय वळवळत्यात. माहेराकडं पळायचं असंल." सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. आक्काबाईने तो शब्द त्या दिवशी गिळला, तो कायमचा. पुढे कुणीही विचारले की ती सांगायची, "पाय दुखत्यात."

"वळवळत्यात का?" एकदा कुणी विचारलेच.

"गांडुळं वळवळत्यात," ती म्हणाली. "माणसाचं पाय दुखत्यात."

आता दुखतात म्हटल्यावर लोक दुखण्याचेच औषध देणार. मलम आले, पट्टा आला, दुखण्याच्या गोळ्या आल्या. गोळ्यांनी पोटात आग पडली आणि पाय होते तसेच राहिले. गुंगी येते म्हणून ती कधीकधी सर्दीची गोळी घ्यायची. त्या दिवशी तर पाय जास्तच नाचायचे. पण ह्याचा त्याच्याशी काही संबंध असेल, असे कुणाच्या मनात आले नाही.

मग मला कामाला लावले. तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने घासले की अंगातली उष्णता निघते, असे आपल्याकडे म्हणतात. घासणार कोण? आमचे चिमाजी, आक्काबाईचे नवरे. आता बायकोच्या पायाला नवऱ्याने हात लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. म्हणून चिमाजी आधी दार लोटायचे, कडी घालायचे आणि मगच मला उचलायचे. बाहेर त्यांच्या सुनेला, मंगलला, वाटायचे की सासूबाईच सासऱ्यांचे पाय घासत आहेत. "ह्या वयात सुदिक नवऱ्याची सेवा करत्यात बघा," असे ती शेजारणींना सांगायची. आक्काबाई ते ऐकायची आणि चुलीतली लाकडे सारखी करत बसायची.

आत काय चालायचे ते मला विचारा.

"जरा जोर लावा की. लोणी फासताय का?"

"अगं, कातडं निघंल."

"निघू द्या. तुमच्या बापानं दिलंय व्हय?"

चिमाजी हसायचे आणि घासत राहायचे. माझे बूड काळेकुट्ट व्हायचे. मला उजेडात धरून ते मोठ्या समाधानाने म्हणायचे, "बघ, आज किती उष्णता निघाली." मी काय बोलणार? वाटीला तोंड असते, जीभ नसते. तो काळा रंग माझ्या अंगातल्या तांब्याचा आणि तेलाचा. कुणाचाही पाय घासला तरी तो येतोच. पण घासले की तिला घटकाभर बरे वाटायचे, हे मात्र खरे. ते श्रेय माझे आणि चिमाजींच्या मनगटाचे. ते मी कुणाला देणार नाही.

अशी वर्षे गेली. मंगलची लेक स्वप्नाली सासरी गेली आणि एक दिवस मोबाईलवर बातमी आली, की तिला दिवस गेले आहेत. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याच घरी. आक्काबाईने त्याच क्षणी जाहीर केले, "पोर माझ्याच पायावर न्हाईल. दुसऱ्या कुनाचा हात लागू द्यायचा न्हाई."

दुसऱ्या कुणाचा म्हणजे सखूबाईचा. सखूबाई खालच्या वाडीतली. तीही बाळांना न्हाऊ घालते. तिच्याबद्दल आक्काबाईचे मत असे, की ती पोर धूत नाही, पातेले घासते.

बोलायला ती बोलली, पण तिच्या मनात पाल चुकचुकली होती. संध्याकाळची खोड आता दुपार कलताच सुरू व्हायला लागली होती. एका संध्याकाळी तिने दाराला कडी घालायला लावली, पाटावर बसली, पाय लांब सोडले आणि चिमाजींना म्हणाली, "त्यो भोपळा द्या हिकडं."

मोठा तांबडा भोपळा होता. तिने तो नडग्यांवर ठेवला. त्याला तेल लावले, हो, माझ्यातलेच! चांगले चोळले. पाठ झाली, पोट झाले. आणि अचानक डावा पाय असा उडाला, की भोपळा गडगडत जाऊन भिंतीवर आपटला.

दोघे त्या भोपळ्याकडे बघत राहिले.

"भोपळ्याला हातपाय नसत्यात, म्हनून गडगडला," आक्काबाई म्हणाली.

"व्हय," चिमाजी म्हणाले. त्यांनी भोपळा उचलून जागेवर ठेवला. "उद्या भोरला जायचं. सोमनाथला टेम्पो काढायला सांगतो."

सोमनाथ म्हणजे त्यांचा नातू. भोरला मंडईत माल घेऊन जाणारा. ती नको म्हणाली नाही. ती नको म्हणाली नाही, म्हणजे किती घाबरली असेल ते समजून घ्या.

निघताना चिमाजींनी मला पिशवीत घातले. आदल्या दिवशीची, न धुतलेली, काळी. कारण विचारलेत तर हसाल. लोक नाही का लघवी तपासायला बाटलीत घेऊन जातात, तशी ते डॉक्टरांना दाखवायला उष्णता घेऊन निघाले होते.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. चिमाजींनी मला अदबीने त्यांच्या टेबलावर ठेवले. "ही बघा बाई, एका येळची निघालेली. असली रोज निघती, तरी संपत न्हाई."

डॉक्टरीणबाई क्षणभर माझ्याकडे, क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला उचलले, स्वतःच्या तळहाताला थोडे तेल लावले आणि माझ्या बुडाने खसाखसा घासले. हात काळा झाला. त्यांनी तो चिमाजींपुढे धरला. "आजोबा, आता माझंही औषध तुम्हीच सांगा."

चिमाजी ओशाळून हसले. बाईंनी मला पुसून बाजूला ठेवले. पुसले, हे लक्षात घ्या. फेकले नाही. "घासून बरं वाटत असेल तर जरूर घासा," त्या म्हणाल्या. "पण आजीचा आजार वाटीत उतरत नाही. आजी, पायाला काय होतं?"

"दुखत्यात."

"चालल्यावर दुखतात, की बसल्यावर?"

"बसल्यावर."

"आणि चाललं की?"

"बरं वाटतं."

"दुखणारा पाय चालून बरा होतो का, आजी?"

आक्काबाईने ओठ घट्ट मिटले. आणि चिमाजी, जे बायकोच्या शब्दापुढे कधी शब्द टाकत नसत, ते म्हणाले, "बाई, हिचं पाय दुखत न्हाईत. वळवळत्यात."

"अवं!" आक्काबाई ताडकन उभीच राहिली. "परक्या मानसापुढं काय बोलताय!"

"खरं हाय ते बोलतोय. इतकी वर्षं पाय माझ्या मांडीवर हायेत तुझे. दुखता पाय मला कळत न्हाई व्हय?"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा एकदम उजळला. "आजी, बसा. ह्याच शब्दाची मी वाट बघत होते. तुमचे पाय वाईट चालीचे नाहीत. ह्या आजाराला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. पायांना स्वस्थ बसवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळांना असतो. बायकांना जास्त."

आक्काबाई हळूच बसली. "नाव हाय त्येला?"

"आहे. औषधही आहे."

त्यांनी आधी रक्त तपासायला पाठवले. शरीरातला लोहाचा साठा तळाला गेला होता. त्याने हा आजार बळावतो, म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. उपाशीपोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायच्या. चहाबरोबर मुळीच नाही. सर्दीची गोळी बंद, कारण ती पाय जास्त नाचवते. संध्याकाळचा चहाही बंद. हे ऐकून आक्काबाईने बाईंकडे असे पाहिले, जणू त्यांनी तिची म्हैस मागितली.

"आता पायांसाठी दोन प्रकारची औषधं आहेत," बाई म्हणाल्या. "एक गॅबापेन्टिन, ही लांबट कॅप्सूल. गुण हळूहळू येतो, पण टिकतो. सुरुवातीला झोप येते, थोडी चक्कर येऊ शकते. मी बहुतेकांना हीच आधी देते. दुसरी प्रामिपेक्सोल, ही बारकी गोळी. गुण लवकर येतो. पण पुढं काही जणांना उलटते."

"चक्कर येनारी नगं," आक्काबाई म्हणाली. "मला पोर पायावर घ्यायचंय. बारकी द्या."

बाईंनी पुष्कळ समजावले. आक्काबाई हलली नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "बरं. पण संध्याकाळी एकच, आणि वाढवायची नाही. कमी पडली तर माझ्याकडं यायचं. आणि ह्या गोळीनं काही लोकांना भारंभार खरेदीचा, नाहीतर जुगाराचा नाद लागतो. तसं काही दिसलं तरी सांगायचं."

"खरेदीचा नाद तिला लग्नापासनंच हाय," चिमाजी म्हणाले. "त्यो गोळीवर घालू नका."

मित्रांनो, ती बारकी गोळी चंदेरी पाकिटातून आमच्या घरी आली आणि माझे दिवस फिरले. मोहरीपेक्षा थोडीशी मोठी. वाजवली तर आवाजसुद्धा नाही. पण पहिल्याच संध्याकाळी आक्काबाई भिंतीला टेकून बसली आणि बसूनच राहिली. चिमाजी दाराची कडी घालायला उठले, तर ती म्हणाली, "राहू द्या. आज काय न्हाई." ते मला हातात घेऊन उभे राहिले. तिला बरे वाटले म्हणून त्यांना आनंद झाला होता. आणि तरी मला फळीवर ठेवताना त्यांनी एकदा माझ्या कडेवरून बोट फिरवले. आमच्या दोघांचेही काम गेले होते.

फळीवर मी होते ती होतेच. माझ्यावर धूळ बसली, तेल वाळून हिरवट डाग पडले. एक कोळी माझ्यात जाळे विणून गेला, तोही माझी परवानगी न घेता. मी गोळीला मनातल्या मनात बरेच बोलले. ते इथे सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

पुढे गोळीचा गुण थोडा उतरला. पाय पुन्हा चाळवू लागले. आक्काबाईने काय करावे? तिने हिशोब केला, एकीने एवढे बरे वाटले, तर दोनांनी किती वाटेल! सोमनाथला तिने बेधडक सांगितले, "डाक्टरीनबाईंनीच वाढवायला सांगितल्यात." त्याने रिकामे पाकीट दाखवून दुकानातून आणखी आणून दिल्या. आठवडाभर छान गेला. मग खोड दुपारी यायला लागली, मग सकाळी. पूर्वी फक्त पायांत होती, ती आता हातांतही शिरली. आक्काबाईला वाटले आजार वाढला, म्हणून तिने गोळी वाढवली. गोळी वाढली तसा आजार आणखी लवकर यायला लागला. आणि लोहाची गोळी ती रोज न चुकता घेत होती. सकाळच्या चहाबरोबर. "गोळी घे म्हनल्या, ती घेतली. चहासंगं नगं म्हनल्या, येवढंच काय ते ऱ्हायलं," असे तिचे म्हणणे.

अशात स्वप्नाली बाळंत झाली. मुलगी झाली. घरी आल्यावर पहिल्या आंघोळीच्या दिवशी मंगलने मला फळीवरून काढले, चिंचेने घासून लखलखीत केले आणि कोमट तेलाने भरले. मी पुन्हा माझ्या जागेवर होते. न्हाणीत वाफ भरली होती. आक्काबाई नवे लुगडे नेसून पाटावर बसली, तिने पाय लांब सोडले आणि पणतीला नडग्यांवर घेतले.

तिचा हात माझ्यातल्या तेलात बुडाला, तेव्हाच तो आतून चुळबुळतो आहे हे मला कळले.

पाठ चोळून झाली. बाळ उताणे केले. तेवढ्यात डावा पाय उडाला. तेलाने निसरडे झालेले ते एवढेसे अंग घसरले आणि खालच्या दगडाकडे गेले. मंगलने झडप घालून हात खाली धरला. बाळ तिच्या तळहातावर पडले. काही लागले नाही. पण स्वप्नाली दारातून किंचाळली, ती किंकाळी अजून माझ्या अंगात आहे.

आक्काबाई भिंतीला धरून उठली. "सखूबाईला बोलवा," ती म्हणाली आणि गोठ्याकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून सखूबाई येऊ लागली. खरे सांगते, तिचा हात चांगला आहे. आक्काबाई त्या वेळी गोठ्यात असायची. धार काढून झालेल्या म्हशीची पुन्हा धार काढायला बसायची.

चार दिवसांनी चिमाजींनी मला पिशवीत घातले. ह्या वेळी धुतलेली. का घेतले ते त्यांनाही ठाऊक नसावे. दवाखान्यात जाताना मी बरोबर असले की त्यांना धीर येत असेल.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पाकिटे बघितली. "आजी, मी एक सांगितली होती."

"एकीनं गुण आला, म्हनून दोन केल्या," आक्काबाई खाली बघून म्हणाली. "आजार लई वाढलाय बाई. आता सकाळच्याला बी येतो. हातात बी येतो."

"आजार वाढला नाही. औषध उलटलंय. ही गोळी जास्त झाली की असंच करते. जे संध्याकाळी यायचं ते सकाळी आणते, पायातलं हातात नेते. माणूस घाबरून आणखी खातो."

"म्हंजी माझ्या पायानं न्हाई केलं? गोळीनं केलं?"

"गोळीनं केलं."

"न्हाई," आक्काबाई म्हणाली. "गोळी आपल्या पायानं माझ्या तोंडात आली न्हाई."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिचा हात धरला. लोहाचा साठा पुन्हा तपासला, तर तो जिथल्या तिथे. चहाने सगळे लोह अडवले होते. तेव्हा त्यांनी लोह सलाइनमधून द्यायचे ठरवले. बारकी गोळी एकदम बंद करायची नाही, तसे केले तर फार हाल होतात. ती थोडी थोडी कमी करायची. त्याच वेळी संध्याकाळी लांबट कॅप्सूल, अगदी कमी मात्रेने सुरू करायची. वय आहे, मूत्रपिंडाची तपासणी करून मगच वाढवायची, तीही बाईंनी. "आणि कॅप्सूल अंगाला मानवली की नाही ते कळेपर्यंत बाळ पायावर घ्यायचं नाही. एकटीनं अंगणातही फिरायचं नाही."

"किती दिवस?"

"काही आठवडे वाईट जातील. त्यानंतर मीच सांगेन."

"पोर बसाया लागलं, की पायावर न्हात न्हाई," आक्काबाई म्हणाली. "आनि स्वप्नाली सासरी जाईल."

"ठाऊक आहे मला, आजी," बाई म्हणाल्या. "मीही कुणाच्या तरी पायावरच न्हाले आहे."

ते आठवडे वाईटच गेले. बारकी गोळी जसजशी उतरत गेली, तसतसे पाय सूड उगवल्यासारखे वागले. जेवण झाले की चिमाजी तिचा दंड धरून अंगणात चालवायचे. तिला चक्कर यायची, ती त्यांच्यावर ओरडायची, ते ऐकून घ्यायचे. थकून आत आली की ते मला घ्यायचे. आता मात्र ते कडी घालायचे विसरू लागले. एकदा मंगल पाणी घेऊन आली आणि दारातच थबकली. सासरे खाली बसलेले, सासूबाईंचे पाय त्यांच्या मांडीवर, हातात मी.

"मामंजी, तुमी?"

"मग काय शेजाऱ्याला बोलवू?" चिमाजी म्हणाले.

मंगलने तांब्या खाली ठेवला. गेली, आणि थोडे खोबरेल तेल कोमट करून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी शेजारणींना तिने काय सांगितले, ते तिलाच ठाऊक.

हळूहळू पाय शांत होऊ लागले. एकदम नाही, थोडेथोडे. आधी हात सुटले, मग सकाळ सुटली, मग दुपार. संध्याकाळी अजून चाळवाचाळव व्हायची, पण बसून जेवता यायचे. सकाळची गुंगी गेली, चालताना तोल जाईना. लोहाचे सलाइन लावून आल्यावर तर तिच्या गालांवर रंग आला. पलीकडे बाळ मात्र आपल्या वेगाने वाढत होते. मान धरू लागले, कुशीवर वळू लागले. स्वप्नालीच्या सासरहून निरोप आला, की पुढच्या आठवड्यात न्यायला येतो.

आक्काबाई पुन्हा भोरला गेली. बाईंनी तिला समोर पाय लांब करून बराच वेळ बसवून ठेवले, स्वतःचे इतर पेशंट बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "घ्या बाळाला. पण शेजारी कुणी तरी हवं."

स्वप्नाली जायच्या आदल्या सकाळी सखूबाई नेहमीसारखी आली, तर पाटावर आक्काबाई आधीच बसलेली.

"सखू, हितं माझ्या शेजारी बस," आक्काबाई म्हणाली. "पोराखाली हात धर. माझा पाय हलला, तर पोर उचल. माझी लाज बघत बसू नगंस."

"तुझी लाज बघायला येळ कुनाला हाय?" सखूबाई पदर खोचत म्हणाली आणि बसली.

स्वप्नाली बाळाला घेऊन दारात उभी होती. ती क्षणभर थांबली. मग पुढे झाली आणि लेकीला आजीच्या पायांवर ठेवून स्वतः तिथेच उकिडवी बसली.

माझ्यात तेल होते. आक्काबाईने बोटे बुडवली. हात स्थिर होता. ती पाठ चोळू लागली. मांड्या, तळपाय, खांदे. बाळ उताणे केले. मंगल श्वास धरून उभी. उंबऱ्याच्या बाहेर चिमाजी, तिकडे बघत नाही असे दाखवत. तेल झाले, पीठ झाले, पाण्याचा पहिला तांब्या पडला. बाळ दचकले, मग तोंडावरचे पाणी चाटून पणजीकडे बघत राहिले.

दुसरा तांब्या पडला. पाय हलले नाहीत.

तेव्हा सखूबाईने बाळाखाली धरलेला हात हळूच काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

मित्रांनो, आक्काबाईचा आजार मुळापासून गेलेला नाही. कॅप्सूल रोज संध्याकाळी असते, तपासणी असते, डॉक्टरीणबाईंची बोलणीही असतात. मी अजून काम करते आणि माझी किंमत मला कळते. माझ्याने बरे वाटते. बरे करणे माझे काम नाही. ज्याचे काम त्याने करावे. गोळी ज्याने सांगितली, त्यालाच विचारून कमीजास्त करावी. बंद करायची असली तरी आधी विचारावे.

मला वापरून झाले की पुसून ठेवा, चिंच लावून घासा, उपडी घाला. एवढे तुम्ही कराल. त्यापेक्षा मोठे एक सांगते. तुमच्या घरात कुणी बसल्या जागी पाय हलवत असेल, जेवता जेवता उठून फेऱ्या मारत असेल, तर त्याच्यावर खेकसू नका आणि त्याची थट्टाही करू नका. त्याच्याजवळ बसा. नेमके काय होते ते विचारा, आणि तो जो शब्द सांगेल, कितीही गावठी असो, तोच डॉक्टरांपुढे ठेवा. आपल्या माणसाचे पाय हातात घ्यायला लाजू नका. पाय हातात घ्या आणि कान उघडे ठेवा.